नांदेडच्या दुकानावर गेलेलं पार्सल

आमच्या घरात कपडे विकत आणायची पद्धतच नव्हती. नांदेडच्या जुन्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे. आधी वडील चालवायचे, आता माझा धाकटा भाऊ चालवतो. दुकानात जे खपायचं ते गिऱ्हाइकांच्या अंगावर जायचं, आणि जे खपायचं नाही ते आमच्या. दिवाळीची गर्दी ओसरली की वडील उरलेले तागे बाजूला काढायचे आणि आईला म्हणायचे, "पोरींना शिवून टाक." मग मी आणि माझ्या चुलतबहिणी एकाच ताग्यातून निघालेले फ्रॉक घालून वर्षभर फिरायचो. बहुतेक वेळा रंग मोहरीचा असायचा, मळकट पिवळा. तो रंग कोणी घेत नव्हतं आणि वडिलांना मात्र फार आवडायचा. त्यामुळे दर वर्षी ते तो भरायचे आणि दर वर्षी तो उरायचा.

लग्न होऊन मी लातूरला आले तरी यात फरक पडला नाही. वडील गेल्यावर भावानं ती प्रथा मोठ्या निष्ठेनं पुढं चालवली. श्रावणाच्या आधी आणि संक्रांतीच्या आधी त्याच्याकडून एक गठ्ठा यायचाच. दोन-तीन साड्या, चार-पाच ड्रेस मटेरियल. देताना तो कधी हात आखडता घेत नसे. प्रेमानं द्यायचा, त्यामुळे बोलायचीही सोय नव्हती. निलंग्याला एका लग्नात आम्ही चौघी जणी एकाच डिझाईनच्या साड्या नेसून जेवणाच्या रांगेत उभ्या होतो. वाढणाऱ्या बाईनं विचारलं, "तुम्ही वाढपी मंडळातल्या का? मग तिकडं उभं ऱ्हावा." माझ्या चुलतबहिणीला हसू आवरेना. मला हसू आलं नाही.

मी एका खासगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. लातूरमध्ये क्लासेस किती आणि त्यांचं काय महत्त्व, हे सांगायला नको. आमच्या क्लासनं गेल्या वर्षी तासांचं चित्रीकरण करून ते मुलांना मोबाईलवर द्यायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी कॅमेरावाल्यानं मला मधेच थांबवलं. माझ्या अंगावर भावाकडून आलेल्या बारीक चौकड्यांचा ड्रेस होता. "मॅडम, चौकडा नाचून राहिला," तो म्हणाला. स्क्रीनवर पाहिलं तर खरंच माझ्या पोटावर मुंग्यांची रांग पळत असल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी पिवळ्या फुलांचं घातलं, तर संचालक म्हणाले, "जरा प्लेन, जरा प्रेझेंटेबल बघा की मॅडम." प्लेन माझ्याकडं एकच होतं, मोहरी.

माझ्यासोबत भौतिकशास्त्र शिकवणारी एक मुलगी आहे, पुण्याकडची. तिचे कपडे मला नेहमी आवडायचे. अंगावर नीट बसलेले आणि तिचे तिनं निवडलेले, असे दिसायचे. तिनंच मला कपड्यांच्या बॉक्सबद्दल सांगितलं. मोबाईलवर काही प्रश्नांची उत्तरं द्यायची. मग त्या कंपनीतली स्टायलिस्ट आपली आवड बघून पाच कपडे निवडते आणि घरी पाठवते. घालून बघायचे, आवडतील ते ठेवायचे, बाकीचे परत. पैसे आधी भरायचे, परत केलेल्यांचे माघारी मिळतात. दुकानात जायला नको, कुणाच्या भिडेला पडायला नको. "मॅम, तुमच्यासाठी अगदी बेस्ट आहे," ती म्हणाली. मला ते पटलं. त्यातही भिडेचा मुद्दा जास्त पटला.

रविवारी दुपारी मी प्रश्न भरायला बसले. पहिलाच प्रश्न होता, तुमचा बांधा कोणत्या आकाराचा? पर्यायांत नासपती, सफरचंद, वाळूचं घड्याळ आणि चौकोन. फळांचे प्रकार मी मुलांना शिकवते, पण मी स्वतः त्यातलं कुठलं, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. पुढचा प्रश्न मापांचा. घरातली टेप घेऊन मी नवऱ्याला हाक मारली. ते औशाला नोकरीला जातात, रविवारची झोप त्यांना फार प्यारी. डोळे चोळत त्यांनी टेप धरली.

"श्वास सोड," ते म्हणाले.

"सोडलेलाच आहे."

"मग हे असं आहे होय," असं म्हणून त्यांनी आकडा वाचला आणि परत झोपायला गेले.

नंतर विचारलं होतं, सुट्टी कुठं घालवायला आवडते? समुद्रकिनारा, डोंगर, पार्टी की मॉल. मे महिन्यात क्रॅश कोर्स आणि दिवाळीत रिव्हिजन बॅच, यात सुट्टी कसली? कुठलाही पर्याय खरा नव्हता. एक तरी निवडल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. चार खोट्यांतलं त्यातल्या त्यात बरं म्हणून मी डोंगर दाबला. मग वीसेक फोटो आले, प्रत्येकाखाली आवडलं की नाही ते सांगायचं. त्यातल्या मुली माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या होत्या आणि सगळ्या कुठं तरी भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी सगळ्यांना नाही, नाही, नाही करत गेले. शेवटी ॲपच म्हणालं, काही तरी निवडा.

पण अगदी शेवटी एक रिकामी चौकट होती. स्टायलिस्टला आणखी काही सांगायचं आहे का? तिथं मात्र मला हुरूप आला. मी सविस्तर लिहिलं. मला कुर्ते हवेत, सुती. लातूरचा उन्हाळा कसा असतो ते त्यात एका वाक्यात लिहिलं. बाही कोपरापर्यंत, म्हणजे फळ्यावर वर लिहिताना ओढावी लागत नाही. एका रंगाचे, चकचकीत नकोत. खिसा हवा, खरा, मोबाईल मावेल एवढा. मोहरी रंग कृपया नको. लिहून झाल्यावर मी ते परत वाचलं. इतक्या वर्षांत मला काय हवं ते मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते, आणि वाचताना माझं मलाच ते फार वाजवी वाटलं. असं कुणी विचारलं असतं तर मी पहिल्यापासूनच सांगितलं असतं.

मोबाईल नंबर टाकल्याबरोबर पत्ता आपोआप आला. माझं नाव दिसलं, मी पुढं दाबलं. तिथं घोटाळा झाला. आई शेवटच्या आजारपणात नांदेडला भावाकडं होती. तेव्हा तिला लागणाऱ्या वस्तू मी माझ्या फोनवरून मागवायची आणि त्या सोयीसाठी दुकानाच्या पत्त्यावर पाठवायची. तो पत्ता कुठल्या तरी जागी माझ्या नंबरला चिकटून बसला होता.

तुमचं पार्सल पोचलं, असा निरोप आला तेव्हा मी वर्गात होते. मधल्या सुट्टीत घरी फोन केला. काही आलं नव्हतं. खालच्या वॉचमनला विचारलं, शेजारी विचारलं. कंपनीच्या नंबरवर फोन लावला, तर आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं सांगत त्यांनी मला सतार ऐकवली. संध्याकाळी भावाचा फोन आला.

"आक्का, तुझ्या नावाचं पार्सल आलंय दुकानावर."

"उघडू नको," मी म्हणाले.

"उघडलं की. मला वाटलं, आईचं काई राहिलेलं असंल. आत कपडे हायेत."

"हो."

"कपडे मागवलेस तू?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी काहीतरी क्लासचं, कॅमेऱ्याचं सांगितलं. तो हं हं म्हणत राहिला. मग म्हणाला, "मग ये आन् घेऊन जा," आणि फोन ठेवला.

पत्ता बदलून मिळेना. ॲप सांगत होतं की परत नेणारा माणूस, जिथं पार्सल दिलं तिथंच येईल. मुदतीत परत केलं नाही तर सगळेच कपडे मी घेतले असं धरलं जाईल. भावाला सांगून तसंच परत करता आलं असतं. पण मग एवढं सगळं केलं कशासाठी? रविवारच्या परीक्षेची जबाबदारी मी त्या पुण्याच्या मुलीवर टाकली आणि सकाळच्या एसटीनं निघाले. अहमदपूरच्या पुढं गाडीचा टायर पंक्चर झाला. पुढची गाडी उभ्यानं मिळाली. लोह्यापर्यंत एका म्हातारबाच्या कोंबड्यांची पाटी माझ्या पायांवर होती.

दुकानात पोचले तेव्हा बॉक्स काउंटरवर सगळ्यांच्या समोर ठेवलेला. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून भाऊ गादीवर बसलेला होता आणि समोर दोन-तीन गिऱ्हाइकं. त्यातली एक जुनी, आईच्या ओळखीची बाई. भाऊ मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "आमच्या आक्कानं कपडे मागवलेत, पार्सलनं."

"या बया," ती बाई म्हणाली, "कापडवाल्याच्या घरी पार्सलनं कपडे? कामून गं? भावाचं दुकान बंद पडलं का?" सगळे हसले. भाऊ हसला नाही. मी बॉक्स उचलला आणि जिना चढून वरच्या खोलीत गेले. माल ठेवायच्या त्या खोलीत भिंतीला एक मोठा आरसा आहे. माझ्यामागं वहिनी आली.

वहिनी दुकानात भावाच्या बरोबरीनं बसते. ब्लाऊजपीस आणि अस्तराचं सगळं तीच बघते. बोलते कमी. तिनं दार लावलं, पंखा लावला आणि म्हणाली, "काढा बघू, आक्का. मी बी बगते."

वर एक कार्ड होतं, रंगीत. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, तुमच्या पुढच्या ट्रेकसाठी! त्याखाली निघालं एक जॅकेट, जाड आणि आतून मऊ लोकर असलेलं. बाहेर एप्रिल महिना होता. त्याच्याखाली एक काळा कपडा. वहिनीनं तो दोन्ही हातांनी वर धरला, उलटापालटा केला.

"हे एक हाय का दोन?"

वरचा सदरा आणि खालची पँट एकमेकांना शिवलेली होती. जंपसूट म्हणतात त्याला, मी सांगितलं. वहिनीनं बराच विचार केला. "मग बाथरूमला कसं जायचं?" मी तो घडी करून बाजूला ठेवला. तिसरा एक टॉप होता, बाह्या होत्या पण खांदे नव्हते. म्हणजे खांद्यांच्या जागी दोन भोकं ठेवलेली. चौथी पँट, घोट्याच्या वर संपणारी. आणि सगळ्यात तळाशी, पातळ कागदात नीट गुंडाळलेला, मोहरी रंगाचा कुर्ता.

मी गठ्ठ्यावर खाली बसले. वहिनीला काही कळेना. "रंग चांगला हाय की," ती म्हणाली. "घालून तर बगा."

मी घातलं. सगळं एकेक करून घातलं, कारण त्यासाठीच आले होते. जॅकेटची चेन छातीशी येऊन अडली. जंपसूट गुडघ्यापर्यंत चढला आणि तिथंच राहिला. मोहरी कुर्ता बरोबर मापाचा होता, मुंढ्यातसुद्धा नीट. तेवढा एक नीट बसावा याचाच मला जास्त राग आला. ज्या आरशात वडिलांनी मला परकर-पोलक्यात फिरवून "छान दिसतंय" म्हटलं होतं, त्याच आरशात मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी परत त्याच रंगात उभी होते, आणि या वेळी तो रंग मी स्वतः मागवला होता.

मी फोन लावला. या वेळी सतारीनंतर एक मुलगी आली, गोड आवाजाची. मराठी येत नव्हतं तिला. मी माझ्या नांदेडी हिंदीत तिला सगळं सांगितलं.

"मॅम, आपने माउंटन सिलेक्ट किया था ना," ती म्हणाली, "इसलिए जॅकेट आया है."

"मैंने नीचे इतना लिखा था. कॉटन, कोपरे तक की बाही, खिसा. मस्टर्ड नको करके साफ लिखा था."

ती काहीतरी बघत असावी. मग म्हणाली, "मॅम, वो नोट हमको नहीं दिखता. वो फीडबॅक टीम के पास जाता है. और मस्टर्ड इस सीझन में ट्रेंड कर रहा है."

मी फोन ठेवला. एवढं मन लावून लिहिलं होतं, ते निवडणाऱ्या मुलीपर्यंत पोचलंच नव्हतं. तिला फक्त एक बांधा, एक आकडा आणि एक डोंगर दिसला होता.

खाली आले तेव्हा गिऱ्हाइकं गेली होती. भावानं जॅकेट हातात घेतलं, आतलं कापड दोन बोटांत चोळलं आणि बाजूला ठेवलं. तो काही बोलला असता तर मी गप्प राहिले असते. पण त्याचं ते चोळणं मला झोंबलं.

"बोल ना," मी म्हणाले. "काय बोलायचं ते बोल."

"म्या काय बोलू? तुला काय पायजे ते मला सांगितलंस का कधी? दर वर्षी मी गठ्ठा पाठवून राहिलो. एकदा तरी म्हणालीस का, हे नको?"

"तू विचारलंस का कधी?"

"घरच्या माणसाला इचारावं लागतं व्हय?"

"लागतं," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "उरलेलं पाठवायचं असलं तर विचारावंच लागतं."

उरलेलं हा शब्द मी पहिल्यांदाच तोंडातून काढला होता. भावाचा चेहरा पडला. त्यानं खरंच कधी तसं धरलं नसावं. त्याच्या लेखी तो बहिणीसाठी माल बाजूला काढत होता, जसं वडील काढत. मग तो उठला आणि मागच्या फळीवरून तागे ओढायला लागला. निळा, हिरवट, राखाडी, गुलबक्षी. गादीवर धडाधड उलगडून टाकले. "घे. आता निवड. तुला पायजे ते. आज मी काई बोलत न्हाई."

माझा राग एकदम विरला. गादीवर मांडी घालून मी कापडाला हात लावत बसले. राखाडी सुती ताग्यावर माझं मन गेलं. साधं, किंचित जाडसर, शाईच्या डागासारख्या छटेचं.

"हे," मी म्हणाले.

"हे?" भाऊ लगेच म्हणाला. "हे न्हाई शोभायचं तुला, आक्का. हे मास्तरांच्या सफारीचं हाय. आन् धुतल्यावर आटतं. तू हे घे." त्यानं गुलबक्षी माझ्या खांद्यावर टाकला. "बग, किती उठून दिसतंय."

तो मस्करी करत नव्हता. मी काही बोलणार, तेवढ्यात जिन्यावरून वहिनी उतरली. तिनं त्या बॉक्समधली पँट घातली होती. माझ्या घोट्याच्या वर संपणारी ती पँट तिच्या उंचीला नेमकी आली होती, वर तिचा स्वतःचा लांब कुर्ता. ती सरळ येऊन आपल्या जागी, अस्तराच्या फळीपुढं बसली.

"ही मी ठेवू का, आक्का?" तिनं मला विचारलं. भावाकडं तिनं बघितलं नाही.

"ठेवा की."

"खिसे हायेत याला," ती म्हणाली, आणि दोन्ही हात खिशात घालून दाखवले.

भावानं तोंड उघडलं. तेवढ्यात एक कुटुंब दुकानात शिरलं. लग्नाचा बस्ता होता, इस्लापूरकडून आले होते. गिऱ्हाइकासमोर घरातलं भांडण नको, हा वडिलांपासूनचा नियम. भाऊ या बसा म्हणाला, चहा सांगितला. वहिनी पँट घालूनच ब्लाऊजपीस दाखवायला लागली. त्यांच्यातल्या एका तरण्या पोरीनं वहिनीकडं टक लावून बघितलं आणि आपल्या आईच्या कानात काहीतरी सांगितलं. मी बॉक्समध्ये बाकीचे कपडे भरले, चिकटपट्टी लावली, बॉक्स दुकानातच ठेवला आणि निघाले. निघताना भावानं गुलबक्षी कापड माझ्या पिशवीत घातलंच. मी ते काढून ठेवू शकले नाही.

परतीचं काही धड झालं नाही. नेणारा माणूस दोनदा आला आणि दुकान दुपारी बंद असल्यानं परत गेला. तिसऱ्यांदा भावानं बॉक्स त्याच्या हातात दिला आणि पोचपावतीचा फोटो मला पाठवला. सोबत एक शब्दही लिहिला नाही. पैसे खात्यात आलेच नाहीत. पुढच्या बॉक्समध्ये वापरता येतील असं ॲपनं कळवलं. मला पुढचा बॉक्स नको आहे, हे त्यांना सांगायला मला आणखी तीन फोन करावे लागले. प्रत्येक फोनला नवी मुलगी, आणि प्रत्येक मुलीला सगळं पहिल्यापासून सांगायचं. कॅमेऱ्यासमोर त्या महिन्यात मी भौतिकशास्त्राच्या मुलीचा एक कोट घालून उभी राहिले. तो पुढून बंद होत नव्हता.

मग एका संध्याकाळी क्लास सुटल्यावर मी लातूरच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात शिरले. कापडवाल्याची मुलगी मी, पण परक्या दुकानात स्वतःसाठी कापड घ्यायला जाण्याची ती माझी पहिलीच वेळ. कुणी ओळखीचं बघतंय का, म्हणून मी दारातच मागं वळून पाहिलं. दुकानदारानं विचारलं, काय दाखवू? मी सांगितलं. सुती, एका रंगाचं, राखाडी. त्यानं पाच तागे काढले, मी एक निवडला, त्यानं कापला. मला काय शोभतं, काय नाही, याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. बाहेर आले तेव्हा हायसं वाटायला हवं होतं. पण पिशवी हातात असताना आपण कुणाची तरी चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचाच मला वैताग आला होता.

कुर्ता शिवून आला. कोपरापर्यंत बाही, उजव्या बाजूला खिसा. धुतल्यावर तो खरंच थोडा आटला. त्यात मी पेशीविभाजनाचा तास घेतला. क्लासनं त्यातला एक तुकडा जाहिरातीसाठी टाकला आणि तो फिरत फिरत नांदेडला पोचला.

भावाचा फोन आला. तब्येत, पाऊसपाणी, नवऱ्याची बदली, सगळं बोलून झालं. वहिनीनं तशाच आणखी दोन पँटी शिवून घेतल्याचंही त्यानं सांगितलं. मग विचारलं, "व्हिडिओत घातलंस ते कापड कुठलं?"

मी दुकानाचं नाव सांगितलं. खोटं सांगावं असं एकदा मनात आलं होतं, पण नाही सांगितलं.

दुकानात पंखा घरघरत होता, तो मला फोनवर ऐकू येत होता.

"त्यांच्याकडं माल बरा असतो," तो म्हणाला. "गिऱ्हाईक आलंय, ठेवतो."